भूमीची ठेव

मुलांनो, ठाणे जिल्ह्यात वरसावे नावाचे एक गाव आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग तेथे वसईची खाडी ओलांडतो. गावाच्या एका अंगास डोंगर, तर दुसऱ्या अंगास खाडी. मृगाचा पाऊस सुरू झाला, की डोंगरावरील ओहळ खळाळत निघतात आणि पाहता पाहता खाडीस मिळतात. गोडे पाणी एकदा खाऱ्या पाण्यात मिसळले, म्हणजे ते शेतीच्या कामाचे राहत नाही.

येथे थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळाले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. या भागात वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरावर २ कोटी लिटर पाणी पडते! एवढी मिळकत असूनही ती राखली नाही, तर वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. मोठी मिळकत आणि मोठी शिल्लक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता घाट चढून अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी जाऊ. तेथे वर्षास सुमारे ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो. म्हणजे वरसाव्याच्या पाचवा हिस्सा. १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाची दशा फार वाईट झाली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि पोटासाठी अनेकांनी गाव सोडले. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार हे तेथे सरपंच झाले. ग्रामस्थांनी श्रमदान केले. रोजगार हमी योजनेचेही साहाय्य घेतले. डोंगरउतारावर समपातळीचर खोदले, शेतांना बांध घातले, ओढ्यांवर नालाबांध बांधले. धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले, थांबलेले मुरले.

परंतु यात एक अडचण होती. आपण पेटीत ठेवलेला पैसा आपलाच राहतो. जमिनीत मुरवलेले पाणी मात्र आपलेच राहत नाही. एकाच्या बांधाशी मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. मग ‘खर्च मी करावा आणि पाणी शेजाऱ्याने न्यावे काय?’ असे प्रत्येकास वाटते. उलट, एखाद्याने खोल कूपनलिका खोदून रात्रंदिवस उपसा केला, तर साऱ्यांच्या विहिरी आटतात. मग तेही अधिक खोल जातात. सर्वांचा खर्च वाढतो. पाणी मात्र थेंबभरही वाढत नाही.

हिवरे बाजारच्या लोकांनी हे ओळखले. भूजल ही साऱ्या गावाची ठेव आहे, असे त्यांनी ठरवले. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. ऊस व केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके वर्ज्य केली. मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची रीत घातली. त्यामुळे डोंगर हिरवे झाले, चारा वाढला आणि दुधाचा धंदा भरभराटीस आला. २००४ च्या सुमारापासून गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. पाऊस मोजावयाचा, माणसे व गुरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूस काढावयाचे, उरेल त्यावर पिके ठरवावयाची. पाऊस उणा झाला, तर पिकेही उणी करावयाची. हा नियम कठीण खरा. पण गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे याच गावी परत आली.

संसारात जसा जमाखर्च, तसाच शिवारातही हवा. चर खोदणे ही जमेची बाजू, उपसा ही खर्चाची. जमा करावयास सारे गाव आणि खर्च करावयास एकटा, असे झाले तर कोणतीही ठेव टिकावयाची नाही.

स्वाध्याय

१. पाण्याची ठेव आणि पैशाची ठेव यांत कोणता फरक आहे?
२. ४०० मिलिमीटर पाऊस झाल्यास एका हेक्टरावर किती लिटर पाणी पडेल? त्याचा दहावा हिस्सा मुरल्यास किती पाणी जमिनीत जाईल?
३. आपल्या शाळेच्या छपरावर पडणारे पाणी कोठे जाते, ते पाहून पाच ओळी लिहा.