पाण्यातला प्राणवायू कसा मोजतात

माशांनाही श्वास लागतो हे मला पुस्तकातून माहीत होते. पण खरे कळले ते माझे तीन बोय मेले तेव्हा.

दिवाळीच्या सुट्टीत मी खाडीतून तीन छोटे बोय आणि एक निवटी आणली. आईच्या जर्मनच्या टोपात समुद्राचे पाणी भरून त्यात सोडली. मांजर येऊ नये म्हणून वर ताट झाकले. भूक लागेल म्हणून भाकरी कुस्करून टाकली. सकाळी बघते तर बोय वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दुपारपर्यंत तिन्ही मेले. निवटी मात्र टोपाच्या कडेला चिकटून जिवंत. ती ओल्या कातडीतून हवेतलाही प्राणवायू घेते, म्हणून तर चिखलावर फिरते. आजी म्हणाली, "पोरी, पाणी मेलं." मला वाटले, ताट झाकले म्हणून मेले. मी खूप रडले.

माझी चुलतबहीण पालघरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "रडू नको, आपण मोजू." तिने सांगितले तसे मी शुक्रवारी संध्याकाळी दोन टोप ठेवले. दोन्हीत चार-चार लिटर समुद्राचे पाणी, दोन्हीवर ताट. एकात भाकरीचा चुरा, दुसऱ्यात काही नाही. मासे या वेळी घातलेच नाहीत. रविवारी सकाळी ताई सरांना विचारून सामान घेऊन आली.

पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत नळीने हळू भरायचे. एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला प्राणवायू मिसळतो. मग मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे द्रावण घालायचे. प्राणवायू असला तर तपकिरी गाळ बसतो, अजिबात नसला तर पांढरा. मग ताईने गंधकाम्ल घातले. ते अंगावर पडले तर भाजते, म्हणून मला लांब उभे केले. गाळ विरघळला आणि पाणी पिवळे झाले. त्यातले 200 मिलिलिटर घेऊन वरून खुणांच्या नळीतून हायपोचे द्रावण थेंब थेंब सोडले. पिवळेपणा फिका झाल्यावर पिष्टाचे थेंब टाकले तर पाणी निळेशार! अजून थोडे हायपो पडले आणि निळा रंग गेला. तिथे थांबायचे. ही रीत हंगेरी देशातल्या विंकलर नावाच्या शास्त्रज्ञाने 1888 साली काढली.

आता गणित. हायपो ठरलेल्या ताकदीचे केलेले असते. त्यामुळे 200 मिलिलिटर पाण्याला जितके मिलिलिटर हायपो लागेल, तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरात. पाणी 100 मिलिलिटरच घेतले तर उत्तराची दुप्पट करायची. दशांश आम्हाला अजून शिकवले नाहीत. ताई म्हणाली रुपये-पैसे समज. 1.3 म्हणजे 1 रुपया 30 पैसे.

भरतीचे ताजे पाणी: 6.1
नुसते झाकलेले पाणी: 5.6
भाकरीचे पाणी: 1.3

म्हणजे ताटाचा दोष थोडाच होता. माझ्या भाकरीनेच बोय मारले! भाकरी कुजते तेव्हा तिच्यावर बारीक जंतू वाढतात आणि तेही प्राणवायू घेतात. 5.6 मधून 1.3 गेले, राहिले 4.3. चार लिटरचे 17.2 मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा याहून जड असते. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि समुद्राच्या पाण्यात 6 च्या आसपास. 270 भागिले 6, म्हणजे 45. आपल्याला माशांपेक्षा 45 पट मिळतो, तरी आपण दमतो.

पाणी तापले की प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात 0 अंशाला 14.6 मावतो, 30 अंशाला 7.5. खाऱ्या पाण्यात 30 अंशाला 6.2 च. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात माशांना आधीच टंचाई.

बाबा होडीवर जातात, म्हणून मला खाडीचा आकडा पाहिजे. तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी प्रक्रिया करून नळाने नवापूरच्या समुद्रात सोडतात. 2016 साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला होता. त्याचा निकाल 2022 च्या जानेवारीत लागला. समुद्रात आंघोळीच्या जागी लिटरला निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा नियम आहे.

दोस्तांनो, एक गणित तुम्हाला. 100 मिलिलिटर पाण्याला 2.4 मिलिलिटर हायपो लागले. लिटरात प्राणवायू किती? त्यात आंघोळ चालेल का? उत्तर खाली खडूने लिहा.

अमावास्येच्या ओहोटीला ताई पुन्हा बाटल्या घेऊन येणार आहे. आम्ही खाडीचे पाणी तीन जागी घेणार. आकडे येतील ते याच भिंतीवर लावीन.