डोळे दाखवून ये

सातारा

चि. मुक्ता,


काल वहिनीचा फोन आला. तू दिवाळीपासून मेथोट्रेक्सेट बंद केलीस म्हणे. स्थळं बघायला लागल्यावर कुणीतरी सांगितलं की या गोळीनं मूल होत नाही. रात्रभर मला झोप नाही. गुडघ्याचं काय, तो सुजला की बोंब मारतो. डोळे बोंब मारत नाहीत. शेवटचे कधी तपासलेस?

चार वर्षांची होतीस. सकाळी मोरीपर्यंत लंगडत जायचीस आणि दहा वाजता अंगणात पळायचीस. शाळा चुकवायची नाटकं म्हणून धपाटेही खाल्लेस. मग सांधेवाताचं निदान झालं, रक्ताची ए.एन.ए. तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हापासून डॉक्टर डोळ्यांसाठी मागे लागले. डोळ्याला आतून सूज येते, ना लाली, ना दुखणं. स्लिट लॅम्पखालीच दिसते. उशीर झाला की मोतीबिंदू, काचबिंदू. हे सगळं तुला पाठ आहे गं! मग पुण्याला गेल्यापासून एकही तपासणी का नाही? लहान मुलांचे डॉक्टर सुटले आणि मोठ्यांचे धरलेच नाहीस, असंच ना?

आता मुलाचं. गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, हे खरं. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टर ती आधीच थांबवतात, चालणारं दुसरं औषध देतात. आठवड्याच्या त्या एका डोसानं वांझपण येत नाही.

मलाही हेच दुखणं, पण 1968 साली, अकराव्या वर्षी, ॲस्पिरिनखेरीज मला काही मिळालं नाही. कानात शीळ वाजेपर्यंत द्यायचे. तुझी गोळी मुलांच्या सांधेवातावर चालते हे अमेरिकेतल्या आणि सोव्हिएत डॉक्टरांनी मिळून दाखवलं ते 1992 साली. तोवर माझी मनगटं कायमची आखडली होती. पेटी सुटली. पेटी शिकवणाऱ्या बाईंना कारण सांगायची लाज वाटली. त्यांना वाटलं, हिची गोडीच संपली. ती हळहळ अजून जात नाही.

फार बोलले. ऑफिसात जिना चढताना दुखतं ते तू कुणाला कळू देत नाहीस, हेही वहिनीनं सांगितलं. बघायला येतील त्यांना सरळ सांग. दुखणं लपवून कुणाच्या घरात जाऊ नकोस, बाळा.

गोळी आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नकोस, आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचार. एकटीला जायचं जिवावर येत असेल तर मी येते, सकाळच्या एसटीनं निघाले तर दुपारी तुझ्याकडे. तू फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि मला कळव.

तुझी,
आत्या