शापोऱ्याचा किल्ला वाचताना



बार्देशातील शापोऱ्याचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २००१ साली 'दिल चाहता है' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून तेथे पर्यटकांची रीघ लागली. लोक दम खात टेकडी चढतात, तटावर बसून फोटो काढतात आणि "आत काहीच नाही" म्हणत उतरतात. आत मोकळे रान आणि पडक्या भिंती आहेत हे खरे. पण हा किल्ला समजून घ्यायचा तर बाहेर पाहावे लागते.

उत्तरेकडच्या बुरुजाजवळ उभे राहा. खाली शापोरा नदी समुद्राला मिळते. वरच्या भागात हिलाच तिळारी म्हणतात. पलीकडे मोरजीचा किनारा, म्हणजे पेडणे तालुका. दक्षिणेला वागातोर आणि पश्चिमेला अरबी समुद्र. आज हे सारे एकाच गोव्यात आहे. पूर्वी तसे नव्हते. १५४३ मध्ये बार्देश पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे मात्र पुढे दीर्घकाळ सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. म्हणजे ही नदी दोन राज्यांमधील सरहद्द होती! नदीच्या मुखातून कोण आत शिरते आणि पलीकडून कोण येते, यावर नजर ठेवण्यासाठी याहून चांगली जागा नव्हती.

म्हणूनच या टेकडीसाठी झगडे झाले. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३-८४ च्या स्वारीत मराठ्यांनी हा किल्ला घेतला. तो परत मिळाल्यावर पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये नव्याने बांधला. आज दिसतात ते त्याचेच अवशेष. १७३९ मध्ये भोसल्यांनी तो जिंकला आणि १७४१ मध्ये तो पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला.

मग तो ओस का पडला? १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांना मिळाले. नव्या काबिजादीत हा तालुका आला आणि सरहद्द उत्तरेला सरकली. नदीच्या दोन्ही काठांवर एकच सत्ता आल्यावर पहारा कोणावर ठेवायचा? किल्ल्याचे महत्त्व ओसरत गेले आणि १८९२ मध्ये तो सोडून देण्यात आला. तो तोफांनी पडला नाही, नकाशा बदलल्यामुळे ओसाड झाला.

आता तटाकडे पाहा. तो सरळ रेषेत नाही. टेकडीच्या चढउताराप्रमाणे वळत जातो. चिरे जांभ्याचे आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्याने पाऊस मुरतो, फटींत झाडे रुजतात आणि मुळे चिरे सुटे करतात. त्यावर कोणी नाव कोरले, की वरचा कठीण थर फुटतो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. तीनशे वर्षांचा चिरा अशा खेळाने झिजावा का?

म्हणून सहलीला जाताना आपण तीन गोष्टी पाळू: तटावर चढायचे नाही, काही कोरायचे नाही, कचरा परत आणायचा. पालकांनीही मुलांसोबत हे कटाक्षाने पाळावे, अशी आमची विनंती आहे.

स्वाध्याय
१. गोव्याच्या नकाशावर शापोरा नदी रेखाटा आणि १७८८ पूर्वीची सरहद्द दाखवा.
२. तेरेखोलचा किल्ला कोणत्या नदीच्या मुखावर आहे? त्याची व शापोऱ्याची जागा यांत कोणते साम्य दिसते?
३. आपल्या गावातील एखादे जुने जांभ्याचे बांधकाम पाहा आणि ते कोठे, कशामुळे झिजले आहे ते लिहा.