ग्राफिक्सला शोभेल असा प्रोसेसर

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की होस्टेलमध्ये दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ?"

गेल्या दिवाळीत माझ्या रूम पार्टनरनेही तेच विचारलं. ती मेकॅनिकलची, लातूरकडची. सोयाबीनच्या पैशातून तिचे बाबा लॅपटॉप घेऊन देणार होते. सबमिशनचं थ्रीडी मॉडेलिंग आणि रात्रीचं गेमिंग, दोन्ही त्याच्यावरच. दुकानात साधारण एकाच किमतीचे दोन लॅपटॉप होते. एकात कोअर आय ९-१३९००एच आणि आरटीएक्स ४०५०. दुसऱ्यात कोअर आय ७-१३६२०एच आणि आरटीएक्स ४०६०. बाबा फोनवर म्हणाले, "बाळा, सातापेक्षा नऊ मोठं ना? मग नऊच घे." तिला उत्तर सुचेना. खरं सांगू, मलाही चटकन सुचलं नाही. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

आधी मेस आठवा. एक मावशी पोळ्या लाटतात, दुसऱ्या भाजतात. लाटणाऱ्या मावशींनी कितीही वेग वाढवला तरी तवा भरलेला असेल तर लाटलेल्या पोळ्या नुसत्या साचत राहतात. उलट तवा मोठा आणि लाटणं हळू, तर तवा रिकामा तापतो. ताटात पोळी पडते ती दोघींपैकी जी हळू, तिच्या वेगाने.

गेममध्ये प्रोसेसर लाटतो आणि ग्राफिक्स कार्ड भाजतं. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं, ही यादी प्रोसेसर तयार करतो. कार्ड त्याचं चित्र, म्हणजे फ्रेम, रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर फक्त ६.९. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढची तयार करत असतो. समजा प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. तर मिळतील सुमारे ७१ फ्रेम. भारी प्रोसेसर आणून ८ चे ६ केले तरी ७१ च! पण कार्डाचे १४ चे १० केले की १०० होतात.

आता आमचे दोन लॅपटॉप. आय ९ मध्ये ६ मोठे आणि ८ छोटे कोअर. आय ७ मध्ये ६ मोठे आणि ४ छोटे. म्हणजे गेमला ज्यांची खरी गरज असते ते मोठे कोअर दोन्हीकडे सारखेच! कॅशही दोन्हीत २४ एमबी. कमाल वेग ५.४ आणि ४.९ गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण दहा टक्क्यांचा फरक. कार्डाकडे पाहिलं तर ४०५० मध्ये २५६० कुडा कोअर आणि ६ जीबी मेमरी. ४०६० मध्ये ३०७२ कोअर आणि ८ जीबी. इथे फरक वीस टक्क्यांचा, शिवाय मेमरी जास्त.

पण म्हणून प्रोसेसर कसलाही चालेल असं नाही. आय ७-१३५५यू हाही आय ७ च आहे, पण त्यात मोठे कोअर फक्त २ आणि मूळ पॉवर १५ वॅट. त्याला तगडं कार्ड जोडलं तर तवा रिकामाच तापणार. म्हणून आकड्याच्या शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच किंवा एचएक्स म्हणजे दमदार. कार्डाचेही वॅट विचारा. लॅपटॉपमधला ४०६० कंपनीच्या निवडीप्रमाणे ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालतो; नाव एकच, काम वेगळं.

नेमकं कोण अडतंय ते कसं ओळखायचं? गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. १९२० बाय १०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० मध्ये ३६.९ लाख. पिक्सेल वाढले की भाजणं वाढतं, लाटणं जवळपास तेवढंच राहतं. रिझोल्यूशन कमी करून फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसरच्या बाजूला शोधा.

"बाजूला" मुद्दाम म्हटलं. फर्स्ट इयरला माझा लॅपटॉप अडखळायचा. ही टेस्ट केली, फ्रेम वाढल्या नाहीत. मी लगेच पप्पांना फोन करून नवीन लॅपटॉप मागितला. मग एका सीनियरने मागचं झाकण उघडलं. आत ८ जीबीची एकच रॅम, दुसरा स्लॉट रिकामा! डीडीआर४-३२०० ची एक रॅम सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन मिळून ५१.२. माझा प्रोसेसर बिचारा पिठाची वाट बघत बसला होता. दुसरी रॅम टाकली, अडखळणं थांबलं. पप्पांना परत फोन करताना मात्र फार लाज वाटली.

रॅम, एसएसडी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असतात, म्हणून त्यांची जोडी एकदाच आणि नीट निवडायची. नवे मॉडेल येतील, आकडे बदलतील, हिशोब हाच राहील.

रात्री पार्टनरने घरी फोन लावला. "बाबा, लाटणारे हात दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. मी मोठा तवा घेते." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग बाबा म्हणाले, "तुला हिशोब कळलाय ना? मग घे."

ती वही अजून आमच्या रूममध्ये आहे. लॅपटॉप घ्यायच्या आधी येऊन बघा, नंतर नको.