नाक मोठं आलं म्हणून घेतलेला कॅमेरा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी दुरुस्त केल्या असतील असं धरून चालते. विषय मात्र माझ्या घरचा आहे, तो मराठीतच लिहायला हवा.

धारणीला माझ्या बाबांचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे मोठे अल्बम वगैरे नाही, मुख्य धंदा पासपोर्ट फोटोचा. जून-जुलैमध्ये शाळेचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचा दाखला, सगळ्याला फोटो लागतो. बैरागड, कळमखार, सुसर्दा इकडून लोक बाजाराच्या दिवशी येतात, आणि त्या दोन महिन्यांच्या कमाईतून माझी हॉस्टेलची फी भरली जाते. गेल्या मे महिन्यात नेमका बाबांचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा गेला. लेन्स बाहेर यायची आणि अर्ध्यात अडकायची. बाबांचा फोन आला, "तू इंजिनेरिंग शिकून राह्यली ना, मंग सांग, कोन्त्या कंपनीचा घेऊ? बारा हजाराच्या वर जमत नाही."

मी मेकॅनिकलची. कॅमेऱ्याचं मला काय कळतं! पण बाबांना "माहीत नाही" कसं सांगणार?

आधी मी म्हटलं, कॅमेरा कशाला, फोननेच काढा. बाबांनी काढले. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे कोरकू आजोबा फोटो घेऊन परत आले. हा मी नाही म्हणे, याचं नाक पाहा. बाबांनी पैसे परत दिले, आणि मला त्या नाकाचं गणित करावं लागलं.

गणित सोपं आहे. फोनची लेन्स रुंद कोनाची असते. चेहरा चौकटीत भरायला फोन साधारण ४० सेंटीमीटरवर आणावा लागतो. नाकाचं टोक ४० वर असेल तर कान ५२ च्या आसपास. ५२ भागिले ४० म्हणजे १.३, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं. तेच दीड मीटरवरून काढा. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८, फरक फक्त ८ टक्के. लोक म्हणतात लेन्स चेहरा बिघडवते, पण खरं तर अंतर बिघडवतं. लेन्स फक्त आपल्याला जवळ जायला लावते.

मग फोन लांब धरून नंतर फोटो कापला तर? चालतं. आम्ही आठवडाभर तसंच केलं. इथेच मला मेगापिक्सलचा फुगा कळला. आपल्याकडचा पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर ४१३ गुणिले ५३१, म्हणजे सव्वादोन लाखांच्याही आत. एका मेगापिक्सलचा चौथा भागसुद्धा नाही! सहा बाय चारचा अख्खा कागद छापायला २.१६ मेगापिक्सल पुरतात. तेव्हा कॅमेरा बारा मेगापिक्सलचा की चोवीसचा, हा प्रश्न बाबांच्या धंद्यात येतच नाही. दुकानदार सगळ्यात आधी तोच आकडा सांगतो, ही गोष्ट वेगळी.

फोन हरला तो उजेडापायी. पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी अंधारून येतं, लाईट कधी असते कधी नसते. बाबांचा भरवसा स्टुडिओच्या फ्लॅशवर. हा फ्लॅश सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता पेटतो. फोनमधला सेन्सर चित्र एका क्षणात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे एवढ्या छोट्या झटक्याशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणजे कॅमेराच हवा, आणि त्याच्या डोक्यावर फ्लॅशचा ट्रिगर बसवायची जागा हवी. त्या जागेला हॉट शू म्हणतात.

स्वस्त छोटे कॅमेरे आता कंपन्यांनी जवळपास सोडून दिले आहेत. जपानच्या कॅमेरा उद्योग संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ८० लाखांच्याही आत. उरलेल्या जुन्यांना आपल्या वयाच्या मुलामुलींनी फॅशन म्हणून भाव चढवला आहे (आमच्या मजल्यावर दोघी आहेत, नावं सांगत नाही). शिवाय त्यातल्या बहुतेकांना हॉट शू नसतो. मग उरला सेकंडहँड डीएसएलआर. दहा-बारा वर्षांपूर्वीचं पहिल्या पायरीचं मॉडेल. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा, याचा सव्वातीनशेच्या वर. म्हणजे अकरा-बारा पट खिडकी.

आता कंपनी. तुमच्यापैकी अनेकांना वाटतं तसं मलाही वाटायचं की एक कंपनी चांगली, दुसरी वाईट. पण आत पाहिलं तर निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर सोनीचा असतो. २००५ मध्ये सोनीने बनवलेल्या काही सेन्सरमध्ये दोष निघाला, उष्ण-दमट हवेत ते बंद पडायचे. तेव्हा सोनीबरोबर कॅनन, निकॉन, फुजी अशा कंपन्यांनाही आपले कॅमेरे फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. नाव वेगळं, पोटातला भाग तोच. म्हणून मी कंपनी सोडली आणि बाबांच्या कपाटात काय पडलं आहे ते विचारलं.

कपाटात दोन गोष्टी निघाल्या. एक, फ्लॅशचा साधा, दुसऱ्याच कंपनीचा ट्रिगर. दोन, फिल्मच्या काळातली निकॉनची ५० मिलिमीटरची एफ/१.८ डी लेन्स.

ट्रिगरमुळे कॅननचा ईओएस १५००डी बाद झाला. २०१८ चं मॉडेल, त्यातल्या त्यात नवं, आणि एक जण ते स्वस्तात द्यायला तयारही होता. पण त्याच्या हॉट शूमध्ये मधली पिनच दिलेली नाही, त्यामुळे असे साधे ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या त्याआधीच्या ११००डी आणि १२००डी मध्ये ती पिन आहे! सोनीने २०१२ पर्यंत वेगळ्याच आकाराचा शू वापरला. तो मी पुढे पाहिलाच नाही.

राहिले कॅनन ११००डी आणि निकॉन डी३१००. इथे खरी अडचण. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आत असते. निकॉनच्या जुन्या लेन्सना ती कॅमेऱ्यात लागते, आणि डी३१०० मध्ये ती मोटर नाही. म्हणजे बाबांची लेन्स बसेल, फोटो येईल, पण फोकस हाताने फिरवायचा. कोणीही सांगेल, कॅनन घ्या. पण विचार करा, पासपोर्ट फोटोत खुर्ची तिथेच, तिपाई तिथेच. फोकस सकाळी एकदा लावला की माणसागणिक थोडाच हलवायचा. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जुळला की हिरवा ठिपका लागतो, चष्मा असला तरी दिसतो. शिवाय या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते. चेहरा आणि खांदे भरायला कॅमेरा सुमारे सव्वा-दीड मीटरवर ठेवावा लागतो. नाकाचा प्रश्न आपोआप सुटला. लेन्सचे पैसेही वाचले.

सेकंडहँड घेताना निकॉनचा आणखी एक फायदा झाला. शटर किती वेळा पडलं तो आकडा निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहून ठेवतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो असा सहज मिळत नाही. विकणाऱ्याने "फक्त घरी वापरला" म्हणून सांगितलं होतं. मी त्याच्याकडून एक मूळ फोटो मागवला. आकडा निघाला १८ हजार. डी३१०० चं शटर कंपनीने एक लाखापर्यंत तपासलेलं आहे, म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. बाबांच्या लेन्समध्ये मात्र कडेला बुरशीचा बारीक धागा होता. आमच्याकडच्या पावसाची देणगी. टॉर्च आरपार मारल्याशिवाय तो दिसत नाही. मधोमध नव्हता म्हणून चालवून घेतलं. आता लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत असते.

नुसती बॉडी साडेआठ हजारांत मिळाली. परतवाडा, सेमाडोह करत एसटीने मी ती मांडीवर ठेवून घरी पोहोचवली आणि पहाटेच्या गाडीने परत आले, कारण दुसऱ्या दिवशी व्हायवा होती.

दुपारी बाबांचा फोन. "फसलो आपण. बटन दाबलं का खटका पडत नाही. एफ ई ई असं काहीतरी येते." दुकानात चार माणसं बसलेली, आवाजावरून घाबरलेले कळत होते. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून शोधलं. जुन्या लेन्सवर छिद्राची कडी असते, ती सगळ्यात लहान छिद्रावर, म्हणजे २२ वर, नेऊन कुलूप लावावी लागते. मग छिद्र कॅमेरा स्वतः ठरवतो.

"बाबा, लेन्सवरची कडी २२ वर न्या. बाजूला बारीक खटका आहे, तो लावा."

थोडा वेळ काही नाही. मग फ्लॅशचा फट्ट आवाज आला आणि बाबा माझ्याशी न बोलता समोरच्या कोणाला तरी म्हणाले, "हं, मान सरळ ठेवा."