रक्तातील विळा

विदर्भात व नंदुरबारच्या डोंगराळ मुलखात सिकल सेल नामक रक्तविकार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. लेकरू हाडांतील वेदनांनी वारंवार तळमळू लागले म्हणजे शेजारी विचारतात, हे कोणाच्या पापाचे फळ? योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध मनुष्याविषयी असाच प्रश्न केला, व प्रभूने तो तर्क नाकारला. तेव्हा अशा घरी जाणाऱ्या उपदेशकास पेशी, प्रथिन व जनुक हे तीन शब्द नीट समजलेले असावेत.

घर विटांचे, तसे शरीर पेशींचे. मात्र ही उपमा फार ताणू नये. वीट निर्जीव असते, पेशी सजीव होय. तिच्याभोवती पातळ पटल असते व बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असते. रक्तातील तांबड्या पेशीत, तिची पूर्ण वाढ झाल्यावर, केंद्रक उरत नाही. ती हिमोग्लोबिनाने भरलेली असते. ती वाटोळी व लवचीक असल्यामुळे केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून निघून जाते, आणि सुमारे १२० दिवस टिकते.

डाळीत प्रथिन असते हे आपण ऐकले आहे. हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. फुप्फुसांतील प्राणवायू सर्व अवयवांस पोचविणे हे त्याचे काम. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. हिमोग्लोबिनात अशा चार माळा असतात. त्यांपैकी दोहोंत प्रत्येकी १४६ मणी असून ह्या रोगात त्यांतील केवळ सहावा मणी बदललेला असतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी १९५७ साली हे दाखवून दिले. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू सोडताच हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू होतात व पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिनीत अडकतात, म्हणून वेदना. त्या लवकर मरतात, म्हणून रक्त कमी पडते.

आता जनुक. केंद्रकातील डीएनए नामक रेणूत प्रथिने कशी जुळवावी ह्याची कृती साठविलेली असते. तिचा एकेक भाग म्हणजे जनुक. प्रत्येक लेकरास ह्या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एकच प्रत बदललेली असेल तर तो मनुष्य वाहक होय. तो बहुधा निरोगी असतो, व तीव्र हिवतापापासून त्याचे काहीसे रक्षणही होते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच हा सिकल सेल रोग होतो. म्हणून केवळ सुनेला बोल लावणे हा उघड अन्याय आहे.

आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगाचा संभव चारांत एक असतो. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढील तीन सुरक्षित, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने सुरू होतो. ह्यास्तव सोयरीक ठरण्यापूर्वीच वधूवरांनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. आजारी लेकरास भरपूर पाणी पाजावे, थंडीपासून जपावे, आणि ताप येताच, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्यावे.