ओढा राखणाऱ्याला भाडे

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे फार मोठे शहर आहे. तिथे ८० लाखांहून जास्त लोक राहतात. त्यांचे बहुतेक पाणी कॅटस्किल डोंगराच्या बाजूने येते. ते १०० ते २०० किलोमीटर लांब आहे. तिथले ओढे धरणांत येतात आणि धरणांचे पाणी बोगद्यांतून शहराला जाते.

त्या भागात शेतकरी गाई पाळतात. गाई ओढ्यात उतरायच्या, शेणमूत पाण्यात जायचं, काठ ढासळायचे. १९८९ साली सरकारने नियम केला की, नद्या-तलावांचे पाणी गाळूनच लोकांना द्यावे. मुळात स्वच्छ राखून दाखवले तरच सूट. गाळण्याचा कारखाना बांधायला ६०० कोटी डॉलरच्या वर लागतील असा अंदाज निघाला. बापरे!

शहराने आधी शेतकऱ्यांवर कडक नियम घालायचे ठरवले. शेतकरी रागावले. रागावणारच. ह्याच धरणांसाठी पूर्वी तिथली गावे पाण्याखाली गेली होती, आपल्याकडे कोयनेला गेली तशी. मग बोलणी झाली. १९९७ साली मोठा करार झाला. जबरदस्ती करायची नाही, पैसे द्यायचे असे ठरले.

आता शेतकरी ओढ्याकाठची निदान ३५ फूट पट्टी सोडतो. तिथे झाडे लावतात, कुंपण घालतात. गाईंना पाणी प्यायला दुसरीकडे सोय करतात. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि शेतातले घाण पाणी गवतात मुरते. ह्या पट्टीचे १० ते १५ वर्षे भाडे मिळते. भाडे सरकार देते, खर्चाला शहर हातभार लावते.

दुसरा एक प्रकार आहे. शेतकरी जमीन विकत नाही, तिच्यावर घरे बांधायचा हक्क तेवढा विकतो. शेती तोच करतो. पुढे जमीन विकली तरी नव्या मालकाला करार पाळावा लागतो. गुरुजी म्हणाले, आंबा आपलाच, पण तो न तोडण्याचे पैसे आधीच घेतलेत, असं समजा.

ते पाणी अजून गाळत नाहीत, नुसते जंतू मारतात.

३५ फूट म्हणजे किती ते मी आमच्या ओढ्यावर मोजले. माझी १८ पावले भरली. त्यात आमचा घासाचा सगळा वाफा येतो. आजोबा म्हणाले, "मग म्हशीला काय घालू? भाडं देत असतील तर उद्या सोडतो." आमच्या ओढ्याचे पाणी खालच्या तीन गावांना जाते.

— इयत्ता ४ थी